केळीच्या खोडापासून मास्क? मातीत मिसळणारा, जंतू मारणारा फिल्टर नेमका कुठे अडतो?

फैजपूर, सावदा, रावेर पट्ट्यात घड कापला की केळीचं खोड उरतं. त्यातून धागा निघतो, मग त्याचाच मास्क का नको, हा प्रश्न कोरोनापासून अधूनमधून विचारला जातो. केळीच्याच कुळातल्या अबाकाच्या धाग्यापासून फिलिपिन्समध्ये २०२० मध्ये मास्क बनलेही. मग अडचण काय?

निळा सर्जिकल मास्क कापडाचा वाटतो, पण असतो प्लास्टिकचा. मधल्या पॉलिप्रोपिलीनच्या थराचे धागे साधारण १ ते ५ मायक्रॉनचे, तर कोरोना विषाणू ०.१ मायक्रॉनच्या आसपास. बारीक कण ओढून घेण्याचं मोठं काम धाग्यांवरचा स्थिर विद्युतभार करतो. मास्क साबणाने धुतला किंवा स्पिरिटने पुसला की तो भार उतरतो.

नॅनोफायबरला या भाराची फारशी गरज नसते, कारण धागाच १ मायक्रॉनहून बारीक असतो. पॉलिमरचं द्रावण सुईतून सोडून हजारो व्होल्टचा दाब दिला की ते ताणलं जाऊन जाळी तयार होते. याला इलेक्ट्रोस्पिनिंग म्हणतात. कोळंबी-खेकड्याच्या कवचातलं कायटोसन, मक्यापासून होणारं पीएलए, सेल्युलोज असिटेट हे त्यातले विघटनशील पर्याय.

केळीचा धागा मात्र थेट चालत नाही. तो यासाठी फारच जाड. आधी त्यातलं सेल्युलोज वेगळं काढायचं, रासायनिक प्रक्रियेने विरघळेल असं करायचं, मग सुईत भरायचं. खर्च इथेच वाढतो.

जंतुनाशक मास्क महाराष्ट्रात बनलाय. पुण्याच्या थिंकर टेक्नॉलॉजीजने सोडियम ओलेफिन सल्फोनेट या साबणासारख्या रसायनाचा लेप दिलेले मास्क तयार केले. २०२१ मध्ये ते खानदेशातल्या नंदुरबारच्या आरोग्य कर्मचाऱ्यांपर्यंतही पोहोचले. पण ते नॅनोफायबरचे नव्हते, लेपाचे होते.

खरी कसरत वेगळीच आहे. मातीत धागा कुजवतात ते जंतूच. फिल्टरमध्ये चांदी किंवा तांब्याचे कण जास्त घातले तर कुजणंच मंदावतं, शिवाय धातू मातीत उतरतो. म्हणून कायटोसनकडे लक्ष जातं, कारण ते स्वतःच जंतूंना रोखतं आणि कुजतंही. मात्र ओलाव्याने फुगतं, आणि मास्कच्या आत तर सतत दमट श्वास.

‘बायोडिग्रेडेबल’ या शिक्क्यालाही भुलू नका. पीएलए नीट कुजायला ५८-६० अंशांचं औद्योगिक कंपोस्ट लागतं. शेताच्या बांधावर टाकलेला पीएलएचा मास्क पुढच्या घडापर्यंतही तिथेच दिसेल.