धुराची भाषा

वैद्य नाडी पाहतो, तसा जुना मिस्त्री ट्रॅक्टरचा धूर पाहतो. काळा धूर म्हणजे हवा कमी, डिझेल जास्त. आधी एअर क्लीनर उघडा. निळसर धूर म्हणजे इंजिनचे ऑइल जळते, रिंगा झिजल्या. पांढरा असेल तर डिझेल नीट जळत नाही.

१९५९ साली फरिदाबादला आयशरने देशात ट्रॅक्टर बांधला. १९७४ मध्ये दुर्गापूरच्या संशोधन संस्थेत आखलेला स्वराज आला. पुढे आमच्या लाखांदूरच्या धानाच्या बांध्यांतही चिखलणीला ट्रॅक्टर उतरला.

एका आषाढात ऐन रोवणीत आमचा जुना ट्रॅक्टर बंद पडला. पऱ्हे उपटून ठेवलेले, बाया बांधावर बसलेल्या. मी म्हटले, "पंप गेला, आता भंडाऱ्याला न्यावा लागेल." मिस्त्रीकाका म्हणाले, "भाऊ, स्टार्टर मारूनही धूर निघत नाही. म्हणजे डिझेलच पोचत नाही." नळीच्या जोडावरचा वॉशर झिजून आत हवा शिरत होती. त्यांनी तो बदलला, फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारला. आधी फेस आला, मग निखळ डिझेल. स्क्रू आवळला आणि इंजिन धडधडले.

ट्रॅक्टरच्या इतिहासात कारखान्यांची नावे येतात. पण तो शेतात टिकवला, तो अशा मिस्त्र्यांनी.