चर्यागीतांच्या पोथ्या आणि त्यांवरील रागनिर्देश

नेपाळांतील बौद्ध चर्यागीतांचा अभ्यास आजवर मुख्यतः भाषा व गूढार्थ या दोन अंगांनीं झाला आहे. पदाच्या माथ्यावरील रागनाम व चरणाच्या अंतीं येणारी ‘ध्रु’ ही खूण पुष्कळदां लेखकाची किरकोळ टीप समजली जाते. वस्तुतः या गीतांच्या गायनाचा लेखी पुरावा तोच होय, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांस इ. स. १९०७ मध्यें नेपाळ दरबारच्या ग्रंथसंग्रहांत चर्यापदांची ताडपत्री पोथी आढळली. ती १९१६ मध्यें वंगीय साहित्य परिषदेनें प्रसिद्ध केली. मधलीं कांहीं पत्रें गहाळ असल्यानें तींत ४६ पदें पूर्ण व एक खंडित आहे. सोबत मुनिदत्ताची संस्कृत टीका आहे. पदांवर पटमंजरी, मल्लारी, भैरवी, कामोद इत्यादि राग नोंदिले आहेत. वीणापादाच्या १७ व्या पदांत तर सूर्य हा वीणेचा भोपळा व चंद्र ही तिची तार असें रूपक असून नृत्यगायनाचाहि उल्लेख आहे.

या खुणांचा उलगडा आपल्या देवगिरीस होतो. यादवराज सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत रचिलेल्या ‘संगीतरत्नाकरा’च्या प्रबंधाध्यायांत ‘चर्या’ या प्रबंधाचें लक्षण दिलें आहे : पद्धडीप्रभृति छंद, पादान्तीं प्रास आणि विषय अध्यात्म. सर्व पादांची आवृत्ति केल्यास ती समध्रुवा, केवळ ध्रुवाची केल्यास विषमध्रुवा. अर्थात् ‘ध्रु’ ही खूण गायकास दिलेली आज्ञा ठरते. मात्र एवढ्यावरून देवगिरीस बौद्ध गायक होते असें अनुमान काढूं नये. शार्ङ्गदेव पंथाचें नांव घेत नाहीं. गीतप्रकार दक्षिणेंतील शास्त्रकारास ठाऊक होता, इतकेंच सिद्ध होतें.

काठमांडूच्या खोऱ्यांतील नेवार वज्राचार्यांमध्यें हा प्रकार ‘चचा’ या नांवानें आजहि जिवंत आहे. आगमगृहांत, दीक्षितांसमक्ष, झांजांच्या ठेक्यावर गीत गाऊन हस्तमुद्रांसह देवतेचें ध्यान नृत्यानें प्रकट करीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्यांतील कांहीं नृत्यें जाहीरपणेंहि होऊं लागलीं. गीतें ‘थ्यासफू’ नामक घडीच्या कागदी पोथ्यांत उतरलेलीं असून त्यांवर रागासह तालहि लिहिलेला असतो. चाल मात्र गुरुमुखांतूनच येते. म्हणून रागाचें नांव तेंच राहिलें तरी स्वररूप तेंच राहिलें असें मानतां येत नाहीं. आपल्या गायकांत पटमंजरीचे एकाहून अधिक प्रकार प्रचलित आहेत, हें ध्यानांत घ्यावें.

चाल लेखांत नसल्यामुळें परंपरा तुटली कीं मागें उरतात त्या एवढ्याच खुणा. ही गोष्ट आपल्याकडील पदांच्या बाडांसहि तंतोतंत लागू आहे. कर्ता व शक नसलेलें बाड निरुपयोगी ठरवून त्याचीं पानें विखुरलीं जातात, किंवा नक्कल करतांना राग, ताल व ध्रुवचिन्हें गाळलीं जातात. संग्राहकांनीं सूची करतांना हीं तिन्हीं जशींच्या तशीं उतरून घ्यावीं. शब्द पुन्हा दुसऱ्या प्रतींत सांपडतील, ही नोंद सांपडेलच असें नाहीं.