कुलूपबंद कपाट ते खुली मांडणी : शालेय ग्रंथालयाच्या जागेचा इतिहास

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतातील बहुसंख्य शाळांमध्ये ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या किंवा शिक्षकांच्या खोलीत भिंतीशी उभी केलेली दोन-चार कपाटे असत आणि विद्यार्थ्यांनी बसून वाचण्याची जागा शाळेच्या आराखड्यात सहसा धरलेलीच नसे. याचे एक कारण पैशाची टंचाई हे होते. पण त्याहून खोलवर रुजलेले कारण हिशेबाचे होते. प्रत्येक पुस्तक दाखलनोंद वहीत, म्हणजे ज्या वहीत पुस्तकाचा क्रमांक, किंमत आणि खरेदीची तारीख लिहिली जाते तिच्यात, शाळेची मालमत्ता म्हणून चढवले जाई, ठरावीक काळाने मोजदाद होई आणि एखादे पुस्तक कमी भरले तर त्याचा जाब ते सांभाळणाऱ्या शिक्षकाला द्यावा लागे. अशा व्यवस्थेत त्या शिक्षकाने किल्ली स्वतःजवळ ठेवली यात नवल नाही. म्हणून शालेय ग्रंथालयाची खोली कशी बदलली हे पाहताना आधी हे कुलूप कसे सैल झाले ते पाहावे लागते.

या दृष्टीने बडोदे संस्थानाचा प्रयोग महत्त्वाचा आहे. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मात्र शाळा सोडल्यावर वाचायला काही नसेल तर अक्षरओळख पुसून जाते, हे ओळखून त्यांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या ग्रंथपालास पाचारण केले. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र विभाग झाला आणि जेथे इमारत नव्हती तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या फिरत्या ग्रंथालयाच्या रूपाने पोहोचू लागल्या. मुलांना मोठ्यांच्या वाचनालयाचा कोपरा नव्हे, तर स्वतःची जागा लागते, हे येथे प्रत्यक्ष व्यवहारात मान्य झाले.

या व्यवहाराला सिद्धान्ताचे बळ दिले ते शियाळी रामामृत रंगनाथन यांनी. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांपैकी पहिले सूत्र ग्रंथ उपयोगासाठी असतात असे सांगते आणि त्याच्या विवरणात ते थेट जागा, वेळ व फर्निचर यांच्याकडे वळतात. सामान्य उंचीच्या माणसाला जमिनीवर उभे राहून सर्वांत वरच्या फळीवरील पुस्तक सहज काढता यावे, हा त्यांचा आग्रह शाळेला लावला की फडताळाची उंची मुलाच्या हातावरून ठरते; छताला भिडणारे कपाट आपोआप बाद होते. रंगनाथन मुक्तप्रवेशाचे, म्हणजे वाचकाने मांडणीपर्यंत स्वतः जाऊन पुस्तके चाळण्याच्या पद्धतीचे, खंदे पुरस्कर्ते होते.

तरीही १९५२-५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगाला, जो अध्यक्षांच्या नावावरून मुदलियार आयोग म्हणून ओळखला जातो, बहुतेक शाळांत जुनी, मुलांच्या आवडीचा विचार न करता घेतलेली पुस्तके, अपुरी खोली आणि मोजकी फडताळेच आढळली. आयोगाने सुचवलेले चित्र अगदी बारकाईने रेखाटलेले होते : भरपूर उजेडाचे प्रशस्त दालन, योग्य रंगाच्या भिंती, फुले, चौकटीत बसवलेली चित्रे, देखणे पण सोयीचे फर्निचर, शक्य तेथे खुली फडताळे आणि शिवाय प्रत्येक वर्गाचे छोटे वर्गग्रंथालय. सरकारी अहवालात फुलदाणीला स्थान मिळावे ही लहान गोष्ट नव्हे; मुलाला त्या खोलीत यावेसे वाटणे हाही नियोजनाचाच भाग आहे, हे त्यातून अधिकृतपणे सांगितले गेले. पुढे १९६० मध्ये भारतीय मानक संस्थेने ग्रंथालय इमारतींच्या मूलभूत घटकांविषयी मानक काढले आणि वाचनकक्षासारख्या जागांच्या मापांना निश्चित आधार मिळाला.

महाराष्ट्रात या शिफारशींची वाट हवामानामुळेही बिकट झाली. कोकणातील चार महिन्यांच्या पावसात उघड्या लाकडी फळ्यांवरील पुस्तकांना बुरशी धरते आणि भिंतीला टेकलेल्या फडताळात वाळवी शिरते, त्यामुळे बंद पोलादी कपाट हा अनेक शाळांना सुरक्षित पर्याय वाटला. पण या अडचणीवरचे उपाय वास्तुरचनेतच आहेत : भिंत व फडताळ यांत मोकळी जागा ठेवणे, खालची फळी जमिनीपासून उचलणे, समोरासमोर खिडक्या ठेवून वारा खेळता राखणे. ओल अडवण्यासाठी मुलांनाही अडवण्याची गरज नव्हती.

२००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याने प्रत्येक शाळेत वृत्तपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तके पुरवणारे ग्रंथालय असावे असे परिशिष्टात नमूद केले, परंतु त्या ग्रंथालयाच्या खोलीचे माप दिले नाही. परिणामी जेथे जादा खोली नाही अशा शाळांत वर्गातल्याच एका बाजूला सतरंजी अंथरून, दोरीवर किंवा बुटक्या फळ्यांवर पुस्तके मांडून वाचनकोपरा उभा राहतो, आणि मुदलियार आयोगाने मुख्य दालनाच्या जोडीला सुचवलेले वर्गग्रंथालय तेथे दालनाविना एकट्याने सारा भार वाहते.