गोचीड, कापूस आणि वाडा : वऱ्हाडातल्या शेळ्या-मेंढ्यांचा इतिहास

आजचा विषय ऐकून काहींना हसू येईल. इतिहासाच्या व्याख्यानात गोचीड, उवा आणि खरूज कशाला? पण अमरावती-अकोल्याकडे ज्या घरात दोन-चार बकऱ्या आहेत, त्या घरातली बाई हसणार नाही. अडीनडीला विकता येईल असं तिच्याकडे तेवढंच असतं. गोचिडांनी रक्त शोषून पिल्लू पांढरं पडलं, खरजेनं बकरीचं अंग सोललं, की बाजारात भाव पडतो आणि घरातलं काहीतरी अडतं.

आधी या किड्यांचा हिशेब समजून घेऊ. जनावरावर दिसतात तेवढेच गोचीड असतात, असं नाही. मादी रक्त पिऊन टम्म फुगते, खाली पडते आणि भिंतीच्या फटीत, दगडाखाली, लेंड्यांच्या थरात हजारो अंडी घालते. त्यातून निघालेली पिल्लं आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने, उपाशी राहून जनावराची वाट बघतात. ऊ मात्र जन्मभर अंगावरच राहते. खरजेचा किडा तर कातडीतच बोगदे पाडतो. म्हणजे शत्रू तीन आणि त्यांचे पत्तेही तीन. हे ध्यानात ठेवा, पुढचा सगळा इतिहास यावरच उभा आहे.

जुन्या वऱ्हाडात धनगरांचा कळप एका जागी राहत नसे. पीक निघालं की शेतात मेंढ्या बसवायच्या. शेतकऱ्याला लेंडीखत मिळायचं, धनगराला धान्य. काही रात्री झाल्या की वाडा उचलून पुढच्या शेतात. खाली पडलेले गोचीड आणि त्यांची अंडी मागेच राहायची, वर वैशाखाचं ऊन आणि मग नांगर. लोकर कातरली की उवांचा आसराही जायचा. खरजेला करंजाचं तेल, उवांना सीताफळाच्या बियांची पूड. हे कुणी कीडनियंत्रण म्हणून करत नव्हतं, पण त्याचा एक परिणाम तोच होत असावा, असं आम्हाला वाटतं.

अर्थात भटकंती म्हणजे सगळं गोड, असंही नाही बरं का. गोचीड मागे राहतात, पण ऊ आणि खरूज जनावरासोबतच चालतात. पाणवठ्यावर दोन कळप मिसळले, की एकाची खरूज दुसऱ्याला लागायची.

मग हे चक्र कुठे अडलं? 1853 मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1867 मध्ये अकोला, बडनेरा करत रेल्वे नागपूरला पोचली. माळरानं नांगराखाली गेली. जंगलांचे वर्ग पडले, सीमा आखल्या गेल्या, चराईला परवाना आणि फी आली. 1974 मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. वाघासाठी ते गरजेचं होतं, पण कळपाची वाट आणखी अरुंद झाली. फिरणारा वाडा हळूहळू घरामागचा गोठा झाला. आणि कायमचा गोठा म्हणजे गोचिडांना कायमचं घर!

याच काळात बाहेरच्या जगात रसायनाची वाट निघाली होती. 1852 मध्ये इंग्लंडात विल्यम कूपर यांनी सोमल आणि गंधकाची भुकटी तयार केली. ती पाण्यात कालवायची आणि मेंढी त्यात बुडवून काढायची. असं बुडवून आणि कडक कायदे करून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडनं एकोणिसाव्या शतकातच मेंढ्यांची खरूज हद्दपार केली. आपल्याकडे सरकारी पशुवैद्यकाचं लक्ष घोडा, बैल आणि बुळकांडी यांवर. बकरीचा नंबर शेवटी.

नंतर डीडीटी आलं, बीएचसी आली. ही बीएचसी भारतात 1997 मध्ये बंद झाली. पुढे सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन आली. 1981 मध्ये आयव्हरमेक्टिन बाजारात आलं आणि त्याच्या शोधासाठी ओमुरा आणि कॅम्पबेल यांना 2015 चं नोबेल मिळालं. औषध खरंच गुणकारी आहे. पण चावणाऱ्या उवांवर त्याच्या इंजेक्शनचा फारसा उपयोग होत नाही, आणि गोठ्याच्या फटीतल्या अंड्यांपर्यंत ते पोचतच नाही.

आता वऱ्हाडची खरी अडचण बघा. इथे विषारी औषध कपाशीच्या वाटेनं घरात येतं. फवारून उरलेली बाटली कोपऱ्यात असते, बकरीला गोचीड दिसतात, आणि अंदाजानं दोन झाकणं पाण्यात पडतात. बकरी अंग चाटते, पिल्लू तिचंच दूध पितं. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं दगावली. पूर्ण वाढलेल्या माणसाचं हे होतं, तर पिल्लाचं काय होईल? शिवाय कमी-जास्त मात्रेत तेच औषध वारंवार वापरलं, की त्याला दाद न देणारे गोचीड तेवढे उरतात आणि वाढतात.

जनावर फिरायचं थांबलं, तेव्हा जागेची काळजी आपण घ्यायला हवी होती. ती न घेता आपण फक्त बाटली बदलत राहिलो. इतिहास आपल्याला सांगतो तो एवढाच.

मग करायचं काय? औषध पशुवैद्यकाला विचारून, जनावरासाठीचंच, वजन बघून. शक्यतो गल्लीतल्या सगळ्या बकऱ्यांना एकाच दिवशी. उवांच्या लिखा पहिल्या औषधानं मरत नाहीत, म्हणून दोनेक आठवड्यांनी पुन्हा. त्याच दिवशी गोठ्याच्या फटी लिंपायच्या, लेंड्या आणि कचरा दूर न्यायचा. बाजारातून आणलेली बकरी काही दिवस वेगळी बांधायची. विचारायला अकोल्यात पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे, अमरावतीजवळ पोहऱ्याला शेळी-मेंढी महामंडळाचं प्रक्षेत्र आहे.

जुना वाडा आता परत येणार नाही. माळरानं राहिली नाहीत. पण वाडा उचलताना मागे जे सुटायचं, ते आज झाडून, लिंपून, खरवडून काढता येतं. उद्या सकाळी गोठ्यात गेलात, की बकरीच्या कानामागे बघालच. त्यासोबत तिच्या मागची भिंतही बघा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.