हाताला पाठ झालेले खण : खानदेशातील पानजुळणी

पानांची मांडणी करणाऱ्या संगणकप्रणालीत दोनतीन कळा एकत्र दाबून जी आज्ञा दिली जाते, तिला शॉर्टकट म्हणतात. परंतु डोळ्यांनी शोधत बसण्याऐवजी हाताच्या सवयीवर विसंबण्याची ही रीत खानदेशातील मुद्रणात संगणकाच्या कितीतरी आधीपासून रुजलेली होती. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ मध्ये जळगावातून ‘काव्यरत्नावली’ हे कवितेला वाहिलेले मासिक सुरू केले, इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये धुळ्यात स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळाने १९३२ पासून ‘संशोधक’ हे नियतकालिक चालवले आणि साने गुरुजींनी १९३८ मध्ये अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढले, तो सारा काळ खिळे जुळवण्याचा होता. खिळा म्हणजे शिशाच्या मिश्रधातूचा, टोकावर उलटे अक्षर असलेला ठसा, आणि केस म्हणजे असे खिळे वेगवेगळ्या खणांत ठेवण्याची उथळ लाकडी पेटी. जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, मात्रा आणि रफार यांच्यामुळे देवनागरीच्या खिळ्यांची संख्या काही शेकड्यांत जाई, त्यामुळे कोणते अक्षर कोणत्या खणात आहे हे ज्याच्या बोटांना पाठ, तोच खरा जुळारी ठरे. ‘संशोधक’सारख्या नियतकालिकात, जिथे जुन्या कागदपत्रांची मूळ रूपे जशीच्या तशी छापावी लागत, तिथे या पाठांतराची कसोटी लागे.

टंकलेखनयंत्राने हे शेकडो खण पन्नासेक कळांवर आणून बसवले. त्यासाठी रूढ झालेल्या रेमिंग्टन मांडणीत अर्ध्या अक्षराला काना जोडून पूर्ण अक्षर करावे लागे आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी उमटवावी लागे, म्हणजे उच्चाराचा नव्हे, तर डोळ्यांना दिसणारा क्रम पाळावा लागे. खिळे जुळवतानाही क्रम हाच होता.

सिअ‍ॅटलच्या आल्डस कंपनीचे पेजमेकर हे पानमांडणीचे सॉफ्टवेअर १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर आले, आणि पुढे त्याच्या जोडीला मराठी अक्षरांसाठी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकची आयएसएम प्रणाली घेऊन मराठी डीटीपी, म्हणजे टेबलावरच्या संगणकावर होणारी पानजुळणी, उभी राहिली. त्या काळच्या फाँटमध्ये चिन्हांसाठी जास्तीत जास्त २५६ जागा असत, कळा मात्र त्याहून बऱ्याच कमी. म्हणून कळफलकावर न मावलेली जोडाक्षरे ऑल्ट कळ दाबून धरून उजवीकडच्या अंकफलकावर शून्य आणि तीन अंकी क्रमांक टाकून आणावी लागत. हे क्रमांक फाँटपरत्वे बदलत, तरीही नित्य काम करणाऱ्याला ते तोंडपाठ असत. मराठीपुरता तरी शॉर्टकट हा केवळ वेळ वाचवण्याचा उपाय नव्हता. त्याच्यावाचून शब्दच पुरा होत नसे, आणि या गोष्टीला या इतिहासात मध्यवर्ती स्थान दिले पाहिजे.

अडोबीने १९९४ मध्ये आल्डस ताब्यात घेतली, १९९९ मध्ये त्याच कामाचे इनडिझाइन बाजारात आणले, आणि २००१ ची ७.० ही पेजमेकरची अखेरची आवृत्ती ठरली. पेजमेकरकडून इनडिझाइनकडे जाण्याचे हे स्थित्यंतर हातांना जड गेले, कारण पेजमेकरमध्ये कंट्रोल आणि ई दाबले की मजकूर दुरुस्त करण्याची स्वतंत्र खिडकी उघडे, तर इनडिझाइनमध्ये त्याच कळांनी फाइल दुसऱ्या स्वरूपात बाहेर काढण्याची चौकट समोर येते. त्यावर तोड म्हणून इनडिझाइनमध्ये पेजमेकर ७.० आणि क्वार्क एक्सप्रेस ४.० या पानमांडणीच्या प्रणालींच्या वळणाचे तयार शॉर्टकटसंच देण्यात आले, शिवाय मूळ संचाला धक्का न लावता त्याच्या आधारे नवा संच करून हवी ती आज्ञा हव्या त्या कळांवर ठेवण्याची सोयही होती. परिच्छेदाच्या शैलीला, म्हणजे अक्षराचा आकार, ओळींतील अंतर वगैरे ठरवून ठेवलेल्या साच्याला, शॉर्टकट द्यायचा तर विंडोजवर कंट्रोल, ऑल्ट किंवा शिफ्टसोबत अंकफलकावरचाच अंक घ्यावा लागतो. ज्या अंकफलकावर तोवर जोडाक्षरे वसली होती, तिथेच आता मथळा, उपमथळा आणि मजकूर यांचे साचे येऊन बसले.

युनिकोड या सर्वमान्य अक्षरसंकेतातील देवनागरी इनडिझाइनमध्ये नीट जुळू लागली ती २०१२ च्या सीएस६ आवृत्तीपासून. तोपर्यंत जोडाक्षरे सुटी पडत असल्याने जुने फाँट सोडणे शक्य नव्हते. युनिकोडने क्रमांकांचे पाठांतर अनावश्यक केले, परंतु इन्स्क्रिप्ट या प्रमाण कळफलकावर वेलांटी व्यंजनाच्या नंतर, उच्चाराच्या क्रमाने द्यावी लागते, त्यामुळे खिळ्यांपासून चालत आलेला दिसण्याचा क्रम येथे उलटला. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र, ज्याच्यासाठी एकेकाळी केसमध्ये वेगळा खिळा लागे, तो आता शिफ्ट आणि जे या कळांनी ऱ आणून, पुढे हलन्त आणि य देऊन जुळवला जातो.