पस्तीस आणि पाच

कुलवृत्तान्त नावाचा ग्रंथप्रकार आपल्याकडे विसाव्या शतकात चांगलाच रुजला. जाडजूड बांधणी, आत घड्या घालून ठेवलेले वंशवृक्ष, मूळ पुरुषापासून चालत आलेल्या पिढ्या. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी असे बरेच ग्रंथ चाळले आहेत. पुरुषांच्या नोंदींत शिक्षण, नोकरी, इनाम, दत्तक असे सारे काही सापडते. मधूनच एखाद्या मुलीच्या नावापुढे दोनच शब्द येतात, 'बालविधवा, माहेरी', आणि पूर्णविराम. त्या पूर्णविरामात चाळीस-पन्नास वर्षांचे आयुष्य कोंबलेले असते. कधी कधी त्यात आणखी एक आयुष्य असते, आणि त्याला वंशवृक्षावर फांदी नसते.

या दुसऱ्या आयुष्याची गोष्ट कागदावर आणली ती जोतीराव फुल्यांनी. बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे काढून देशभरातल्या जाणत्यांची मते मागवली, तेव्हा ४ डिसेंबर १८८४ रोजी जोतीरावांनी आपले मत लिहून दिले. त्यात त्यांनी तत्त्वचर्चा थोडी केली आणि डोळ्यांसमोर घडलेले सांगितले. पुण्यातले त्यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्रीबोवांनी तिला नादी लावले. दिवस गेल्यावर औषधांचे उपाय झाले, ते फसले. मूल जन्माला आले तेव्हा अब्रूच्या भीतीने तिने ते मारले आणि विहिरीत टाकले. काशीबाईला जन्मठेप, काळे पाणी. शास्त्रीबोवांना काय झाले हे विचारण्याची गरजच नाही. कायद्याच्या लेखी ते त्या गोष्टीत नव्हतेच.

कायदा काय म्हणत होता हेही पाहण्यासारखे आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत ३१८ वे कलम होते: मृत अर्भकाची गुपचूप विल्हेवाट लावून त्याचा जन्म लपवणे हा स्वतंत्र गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे लपवणे हाही अपराध. आणि न लपवावे, तर जात वाळीत टाकणार. याहून मासलेवाईक प्रकार मालमत्तेचा. १८५६ च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक दिली, पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुन्हा लग्न करणारीचा पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीवरचा हक्क काढून घेतला. पुढे १८८० साली मणिराम कोलिता खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने ठरवले, की विधवेकडे एकदा वारशाने आलेली मालमत्ता नंतरच्या 'बदचालीमुळे' तिच्याकडून काढता येत नाही. दोन्ही एकापुढे एक ठेवून पाहा. उघड लग्न केले तर जमीन जाते, चोरटा संबंध ठेवला तर राहते! घरोघरच्या गुपितांना जुन्या रूढींइतकाच नव्या न्यायाचाही टेकू होता, असे माझे मत आहे. हे आमच्या पाठ्यपुस्तकांत कधी आले नाही.

काशीबाईच्या शिक्षेनंतर, १८६३ साली, जोतीराव-सावित्रीबाईंनी आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. ब्राह्मण वस्तीतल्या भिंतींवर जाहिराती डकवल्या. विधवांनी इथे गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, असा त्यांचा आशय. त्यात 'गुप्तपणे' हा शब्द महत्त्वाचा होता. समाजसुधारक गुपिते फोडतो अशी आपली समजूत असते. फुले दांपत्याने गुपित सांभाळण्याचे काम पत्करले, कारण त्या मुलींना उपदेशापेक्षा दाराला आतून कडी असलेल्या खोलीची गरज होती.

आणि तरीही काय झाले? १८८४ पर्यंत सुमारे पस्तीस विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या. जिवंत राहिली ती पाच मुले. बाकीची तीस, जोतीराव लिहितात, पोटात असतानाच आयांनी घेतलेल्या विषारी औषधांनी दुखावली होती. सावित्रीबाईंच्या दारापर्यंत पोचण्याआधी त्या मुली वैदूकडे, सुइणीकडे, कुणा 'विश्वासातल्या' बाईकडे जाऊन आलेल्या असत. बालमृत्यू तेव्हा सगळीकडेच भयंकर होते हे खरे, पण सातांतले एक जगणे म्हणजे काय हे त्या काळालाही कळत होते.

पुण्यानंतर पंढरपूर. तिथे न्यायाधीश असलेल्या लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने १८७५ साली असेच गृह सुरू झाले, ते मुंबई प्रार्थना समाजाने चालवले आणि पुढे नवरंगे बालकाश्रम म्हणून नावारूपाला आले. जागा अचूक होती. पंढरीला जायला कुणालाही कारण लागत नाही. आमच्या सीमाभागातून तर वाटच ठरलेली. नदीकाठी अनोळखी बाया हजारोंनी असतात, त्यांत एक आणखी.

माझ्या आईची एक चुलतआत्या अशीच माहेरी राहिलेली होती, लाल आलवणातली. घरात तिच्याविषयी एवढेच बोलले जाई, की 'ती लहानपणी चार महिने पंढरपूरला राहून आली'. त्यानंतर ती पुन्हा कधी पंढरपूरला गेली नाही. आषाढीला सगळे घर विठ्ठलाच्या देवळात जाई आणि ती माजघरात गहू निवडत बसे. आई दहा-अकरा वर्षांची असताना एक पस्तिशीचे गृहस्थ घरी आले. धोतर, कोट, हातात छत्री. त्यांनी आत्याबाईंचे नाव विचारले. आजोबांनी त्यांना बसायला पाट दिला, ताक दिले, आणि या नावाचे घरात कुणी नाही असे सांगितले. माजघराचे दार पुढे ओढलेले होते. गृहस्थ ताक पिऊन, नमस्कार करून गेले. त्या दिवसापासून आत्याबाई आजोबांशी बोलल्या नाहीत. पुढची बारा वर्षे, ते जाईपर्यंत, त्यांना हवे-नको विचारायचे ते आईच्या तोंडून. आईने मला हे सांगितले तेव्हा ऐकायला घाबरावे असे कुणी हयात उरले नव्हते. तरी तिचा आवाज खाली गेलाच.

त्या गृहस्थांनी बापाचे नाव काय लावले असेल, हा प्रश्न मला मास्तर म्हणून पडतो. शाळेच्या जनरल रजिस्टरचा रकाना मुक्याने फार विचारतो. मी वर्गशिक्षक होतो तेव्हा त्या रकान्यापाशी थांबून पदर चाचपणाऱ्या आया पाहिल्या आहेत. अविवाहित आईला पित्याचे नाव उघड न करता पालकत्व मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले ते २०१५ साली. फुल्यांच्या खोलीनंतर दीडशे वर्षांनी.

जोतीरावांनी मात्र तो रकाना एकदा स्वतः भरला होता. १८७४ च्या सुमारास त्यांच्याकडे बाळंत झालेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. या आईचे नावही चरित्रांत काशीबाई असेच येते, त्यामुळे तिची आणि काळ्या पाण्यावर गेलेल्या काशीबाईची गल्लत पुष्कळदा होते. त्या दोघी निराळ्या. मुलाचे नाव यशवंत. दत्तक लपवला नाही, १८८७ च्या मृत्युपत्रात त्यालाच वारस केले. पण उघडेपणालाही मोल द्यावेच लागते. विधवेचा मुलगा म्हणून त्याला मुलगी देण्यास लोक कचरत. अखेर सत्यशोधक ज्ञानोबा ससाणे यांनी आपली राधा दिली आणि १८८९ साली लग्न झाले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले तेव्हा अंत्ययात्रेपुढे टिटवे कुणी धरायचे यावरून भाऊबंदांनी वाद घातला, कारण यशवंत रक्ताचा नव्हता. सावित्रीबाईंनी टिटवे आपल्या हातात घेतले आणि त्या पुढे चालू लागल्या.

यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात पुण्याबाहेर ससाण्यांच्या मळ्यात त्याने दवाखाना घातला, तिथे रोगी आणून पोचवता पोचवता सावित्रीबाईंना प्लेग झाला. १० मार्चला त्या गेल्या, त्याच्याच दवाखान्यात.