सनद, पट आणि निकाल : सीमाभागातील शाळांच्या इतिहासाचा एक धडा



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांच्यासारख्या शिक्षकांचे स्मरण करताना केवळ गौरवाची भाषा बोलून थांबणे उचित होणार नाही. शिक्षकाचे खरे स्मरण म्हणजे त्याने ज्या प्रश्नासाठी आयुष्य वेचले, तो प्रश्न पुन्हा हाती घेणे होय. म्हणून आज शाळेच्या निकालाविषयी आणि त्या निकालामागे असलेल्या पटाविषयी मी बोलणार आहे.

आरंभ कडगंचीपासूनच करतो. श्रीनृसिंहसरस्वतींचे शिष्य सायंदेव हे ह्या गावचे, आणि त्यांच्याच वंशातील सरस्वती गंगाधर हे ‘गुरुचरित्रा’चे कर्ते, अशी परंपरा आहे. त्यांच्या घरची बोली कानडी. ज्या ग्रंथाची पारायणे मराठी मुलखात घरोघर होतात, तो ग्रंथ कानडी घरातल्या पुरुषाने मराठीत रचावा, हे ह्या भूमीचे वैशिष्ट्य आहे. आज ह्याच गावाच्या शिवारात 2009 साली स्थापन झालेल्या कर्नाटक केंद्रीय विद्यापीठाचा परिसर उभा आहे. घरची भाषा एक आणि विद्येची भाषा दुसरी, ही स्थिती आपल्याला परकी नाही. परंतु जे एका प्रतिभावंताला साधले, ते शेतमजुराच्या मुलालाही साधावे, हे पाहण्याचे काम शाळेचे असते. सीमाभागातल्या शाळांचा इतिहास हा ह्या कामाचा इतिहास आहे.

१. सनदी शाळा

अमेरिकेत 1991 साली मिनेसोटा राज्याने एक कायदा केला आणि 1992 साली सेंट पॉल शहरात त्या कायद्याखालील पहिली शाळा उघडली. ह्या शाळांना तेथे ‘चार्टर’ शाळा म्हणतात. आपल्या भाषेत त्यांना सनदी शाळा म्हणता येईल. पैसा सरकारचा, कारभार खाजगी मंडळाचा, फी नाही, आणि अर्ज जागांहून अधिक आले तर प्रवेश चिठ्ठ्या टाकून. शिकवण्याचे स्वातंत्र्य मिळते आणि त्याच्या बदल्यात निकाल दाखवावा लागतो. निकाल दिसला नाही तर सनद काढून घेता येते.

ह्या शाळा चांगल्या की सरकारी शाळा चांगल्या, असा वाद तेथे आजही चालू आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका केंद्राने 2009 साली केलेल्या पाहणीत असे आढळले की गणितात 17 टक्के सनदी शाळा सरकारी शाळांपेक्षा सरस, 37 टक्के कमी दर्जाच्या, आणि उरलेल्यांत फारसा फरक नाही. त्याच केंद्राच्या पुढील पाहण्यांत चित्र सुधारले. बोस्टन शहरात अभ्यासकांनी अधिक चोख रीत वापरली. चिठ्ठीत नाव निघालेली मुले आणि न निघालेली मुले ह्यांची त्यांनी तुलना केली. दोन्ही गटांतल्या पालकांची इच्छा सारखी, फरक केवळ नशिबाचा. तेथे सनदी शाळांतील मुलांची प्रगती स्पष्टपणे अधिक आढळली. तथापि एक आक्षेप उरलाच : घरी इंग्रजी न बोलणारी किंवा विशेष मदतीची गरज असणारी मुले चिठ्ठीच्या डब्यापर्यंत तरी पोहोचतात काय?

ह्या वादाचे सार आपल्या उपयोगाचे आहे. शाळेचे यश तोलावयाचे तर दोन कागद एकत्र वाचावे लागतात, निकालपत्रक आणि प्रवेशनोंदवही. पहिला कागद आपण वर्तमानपत्रात छापतो. दुसरा कपाटात राहतो.

२. बाहेर एक पाटी, आत दुसरी भाषा

आपल्याकडे हा प्रकार नवा नाही. 1854 च्या वुड ह्यांच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट ब्रिटिश मुलखात खुली केली. आपला प्रदेश मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात तेलुगू बोलणारे जवळजवळ निम्मे, मराठी बोलणारे सुमारे चतुर्थांश, आणि कानडी व उर्दू बोलणारे प्रत्येकी दहाव्या हिश्श्याच्या आसपास होते. 1884 पासून राज्यकारभाराची भाषा उर्दू झाली आणि 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू ठेवण्यात आले. एका देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग धाडसी होता, हे मान्य केले पाहिजे. पण ज्या बहुसंख्य मुलांची ती भाषा नव्हती, त्यांच्यापुढे शाळेच्या दारातच एक उंच उंबरठा उभा राहिला.

त्या उंबरठ्याला उत्तर म्हणून खाजगी शाळा निघाल्या. 1907 साली गुलबर्ग्यात नूतन विद्यालय आणि हैदराबादेत विवेक वर्धिनी स्थापन झाली. 1921 साली उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा ह्या खेड्यात राष्ट्रीय शाळा सुरू झाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून ओळखले गेलेले व्यंकटेश खेडगीकर तेथे शिक्षक होते आणि 1930 साली तेथेच त्यांनी संन्यासदीक्षा घेतली. भालकीच्या हिरेमठाचे चन्नबसव पट्टदेवरू ह्यांच्या शाळेविषयी अशी आठवण सांगतात की बाहेर उर्दू पाटी असे आणि आत कन्नडचे धडे चालत. खाजगी शाळा उघडण्यास सरकारची पूर्वपरवानगी लागे, अशा काळातली ही गोष्ट आहे. मराठी आणि कानडी ह्या दोन्ही भाषांच्या माणसांनी तेव्हा एकच झुंज दिली, हे आजच्या सीमावादाच्या काळात विसरता कामा नये.

३. दार कोणासाठी उघडले?

येथवरचा इतिहास अभिमानाचा आहे. पुढचा भाग सांगताना आवाज थोडा खाली येतो. ह्या शाळांनी भाषेचा उंबरठा काढला, परंतु सर्व उंबरठे एकाच वेळी निघाले नाहीत. मातृभाषेतली शाळा निघाली तरी तिची फी, शहरातले राहणे, आणि मुलाला शेतातून मोकळे करण्याची ऐपत हे सारे ज्यांच्याकडे होते, त्यांचीच मुले आधी आली. वकील, कुलकर्णी, देशमुख, व्यापारी ह्यांच्या घरांतून मुलगे आले. मुली मागाहून आल्या. आणि गावकुसाबाहेरची मुले त्याहूनही मागाहून.

हा दोष एकट्या आपल्या भागाचा नव्हता. 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा जोतीराव फुले ह्यांनी हेच बोट ठेवले होते : महसूल कष्टकरी रयतेचा आणि त्यातून होणारे शिक्षण मात्र वरच्या वर्गांचे. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळांत बसवली. त्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला आणली. हैदराबाद संस्थानाच्या मुलखात ह्या कामाची मोठी खूण 1950 साली उमटली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या वर्षी औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. ज्यांच्या घरात आधी कोणी पाटीला हात लावला नव्हता, अशा घरांतील मुले तेथे पदवीपर्यंत पोहोचली.

ह्या सर्वांनी एक गोष्ट जाणली होती. शाळा उघडणे हे अर्धे काम. तिच्यात कोण बसतो हे ठरवणे उरलेले अर्धे.

४. सीमारेषेनंतर

17 सप्टेंबर 1948 रोजी निजामी राजवट संपली आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. गुलबर्गा म्हैसूर राज्यात आले. बीदर जिल्हाही विभागला गेला. बीदर, भालकी, हुमनाबाद हे तालुके म्हैसूरकडे, तर उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्याकडे गेले. कालपर्यंत एका जिल्ह्यात असलेल्या सोयऱ्यांची मुले दोन वेगळ्या राज्यांच्या परीक्षांना बसू लागली. त्याच वर्षीच्या घटनादुरुस्तीने 350 अ हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करणे हे राज्यांचे कर्तव्य ठरले.

पुढील काळात माध्यमाचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. पहिली ते चौथी मातृभाषेतून किंवा कन्नडमधून शिकवावे, असा कर्नाटक शासनाचा 1994 चा आदेश होता. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने माध्यमाची सक्ती करता येत नाही, निवड पालकांची, असा निर्णय दिला. निवडीचा हक्क मिळाला, पण निवड करण्याची ऐपत सर्वांना सारखी नाही. ज्यांना परवडले त्यांनी इंग्रजी माध्यमाची वाट धरली. सरकारी शाळेत आणि आपल्यासारख्या शाळांत उरलेला पट हा अधिकाधिक गरिबांचा पट होत गेला.

अशा वेळी निवड करूनही न्याय कसा राखता येतो, ह्याचे एक उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. देशातील पहिली दोन नवोदय विद्यालये 1985-86 साली हरियाणातील झज्जर येथे आणि महाराष्ट्रातील अमरावती येथे निघाली. सहावीला प्रवेशपरीक्षा, पण किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना, आणि अनुसूचित जाती-जमातींना त्यांच्या वाट्याच्या जागा. ह्या विद्यालयांचा दहावीचा निकाल 99 टक्क्यांच्या आसपास असतो. त्यात शिक्षकांचे श्रम आहेत, वसतिगृह आहे, आणि निवडपरीक्षेचा वाटाही आहे. तो वाटा कोणी लपवत नाही, कारण पटाची अट नियमातच लिहिलेली आहे.

५. निकालाची किंमत

आता आपल्या घरचा हिशेब. 2025 च्या एस.एस.एल.सी. परीक्षेत राज्याचा निकाल 66.14 टक्के लागला. दक्षिण कन्नड जिल्हा 91.12 टक्क्यांनी पहिला, आणि आपला कलबुर्गी 42.43 टक्क्यांनी शेवटचा. त्याच्या आधल्या वर्षी, 2024 मध्ये, परीक्षागृहांत कॅमेरे बसवले गेले आणि 2023 मध्ये 83.89 टक्के असलेला राज्याचा निकाल वाढीव कृपागुण देऊनही 73.40 टक्क्यांवर आला. ह्याचा एक अर्थ असा की पूर्वीचे काही यश कागदी होते. दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. तुरीचे कोठार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्या जिल्ह्यात काढणीच्या दिवसांत वर्ग रिकामे होतात. ऊसतोडीला आणि पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर आईबाप जातात आणि मुले त्यांच्यामागे जातात. किनारपट्टीचा निकाल आणि आपला निकाल शेजारी मांडताना हे पट शेजारी मांडले जात नाहीत.

म्हणून निकालाची सबब सांगावी, असे मी म्हणत नाही. बेचाळीस टक्के हे लाजिरवाणेच आहेत. पण त्या लाजेवर एक सोपा उपाय असतो, आणि त्याचीच मला भीती वाटते.

मी ज्या शाळेत शिकलो तिचे नाव येथे घेत नाही. माझ्या बाकावर एक मुलगा बसत असे. त्याचे वडील सालगडी होते. घरी लमाणी बोली, गावात कानडी, शाळेत मराठी, असा त्याचा तीन भाषांचा दिवस असे. दहावीच्या अर्जांच्या वेळी मुख्याध्यापकांनी त्याला बोलावून सांगितले, ‘तू यंदा बाहेरून बस.’ बहिःस्थ विद्यार्थी म्हणून तो बसला असता तर त्याचा निकाल शाळेच्या नावावर लागणार नव्हता. तो बाहेरूनही बसला नाही. त्या वर्षी आमच्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागला, पेढे वाटले, आणि मीही ते खाल्ले. तो मुलगा नापास झालेल्यांत नव्हता. तो कोठेच नव्हता. इतकी वर्षे झाली, त्या शंभर टक्क्यांचा हिशेब मला जुळत नाही.

नववीत गाळून दहावी चकचकीत करण्याची ही युक्ती अनेक ठिकाणी चालते. तिला कोणी भ्रष्टाचार म्हणत नाही, कारण तीत पैसा नसतो. पण सरकारच्या पगारावर शिक्षक नेमणारी आणि समाजाच्या देणगीवर इमारत बांधणारी शाळा जेव्हा दुबळे मूल दाराबाहेर ठेवते, तेव्हा ती आपली सनदच मोडते.

६. एक विनंती

माजी विद्यार्थी मित्रहो, आपण संस्थेला देणग्या देता, बक्षिसे ठेवता. पहिल्या आलेल्या मुलाचा सत्कार अवश्य करा. त्याबरोबर एक मागणीही करा. दरवर्षीच्या अहवालात निकालाशेजारी काही साधे आकडे छापले जावेत : आठवीला किती मुले आली, त्यांतील किती दहावीला बसली, मुली किती, घरी मराठी, कानडी, उर्दू, लमाणी बोलणारी किती, ज्यांच्या घरात आधी कोणी दहावी झालेले नाही अशी किती. हे आकडे शाळेकडे असतातच. ते छापण्यास खर्च नाही, केवळ धैर्य लागते. आणि पुढील वर्षी पेढे वाटण्यापूर्वी आठवीच्या हजेरीतील प्रत्येक नाव दहावीच्या यादीत आहे ना, एवढे पाहावे. जे नाव गळाले असेल, त्याच्या घरी कोणी तरी जावे.

उर्दू पाटीमागे कन्नड शिकवणाऱ्यांनी किंवा गुलबर्ग्यात मराठी-कानडी मुलांसाठी शाळा काढणाऱ्यांनी टक्केवारीसाठी ते केले नव्हते. जे मूल तेव्हाच्या व्यवस्थेच्या दाराबाहेर उभे होते, त्याला आत घेण्यासाठी त्यांनी ते केले. आज दाराबाहेर उभे असलेले मूल वेगळ्या घरचे असेल, वेगळी बोली बोलत असेल. पण ज्या गुरुजींचे आपण आज स्मरण करतो, ते असते तर त्यांनी निकालपत्रक बाजूला ठेवून आधी हजेरी घेतली असती, असा माझा विश्वास आहे.